बाकाची उजवी बाजू

बाबांचा भिंतीवर लावण्यासारखा एकही फोटो घरात नव्हता. निवृत्तीनंतरचा प्रत्येक उन्हाळा जो माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून गावोगाव हिंडला, त्याचाच फोटो नसावा, याचं दादाला नवल वाटत होतं. तिला, त्याच्या बहिणीला, वाटलं नाही. फोटो काढणारा फोटोत नसतो, साधी गोष्ट होती. शेवटी दादाने ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात बाबा इतके पसरट आणि पुसट दिसत होते, की वहिनीने पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि तो कपाटावर पालथा पडून राहिला.

"तू बघ एखादा सापडतोय का," दादा म्हणाला. "तुझ्याशी तरी बोलायचे ते. आम्हाला नुसती शिक्षणपद्धती ऐकवायचे."

ती सुट्टी काढून आली. भिंतीशी तिला कर्तव्य नव्हतं. तिला बाबांचा चेहरा आठवेनासा झाला होता. आवाज आठवायचा, खोकला आठवायचा, डबी उघडून चष्मा काढायची पद्धत आठवायची. चेहऱ्यापाशी आलं की सगळं विरघळून जायचं. ते जाऊन वर्षही झालं नव्हतं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

बाबांच्या खोलीतलं कपाट अर्धं रिकामं होतं. त्यांचे शर्ट देऊन टाकण्याआधी तिनेच इस्त्री केले होते, कारण चुरगळलेलं काही दुसऱ्याला देणं बाबांना खपलं नसतं. तेव्हा बसलेल्या चटक्याची खूण तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी राहिली होती. होडीच्या आकाराची, गडद. शर्टांच्या जागेमागे फोटोंची पाकिटं होती. एका उन्हाळ्याचं एक.

सगळे फोटो वर्गांचे. सुट्टीतले रिकामे वर्ग, आणि सगळेच्या सगळे शेवटच्या बाकावर बसून काढलेले, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून. ज्याला शाळा सुधारायची आहे त्याने आधी अर्धा तास शेवटच्या बाकावर बसावं आणि मगच तोंड उघडावं, असं बाबांचं म्हणणं होतं. तिथून त्यांना दिसायचं की फळ्याच्या निम्म्या भागावर खिडकीचं ऊन चकाकतं, कुठे खांब आड येतो, कुठे पंख्याच्या घरघरीत बाईंचा आवाज पोचतच नसेल. तो फोटो ते नंतर मुख्याध्यापकांना दाखवायचे. काहींनी फळा हलवला. बाकीच्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. आयुष्यभर शिकवून बाबा पुन्हा पहिलीत बसले, असं दादा म्हणायचा, आणि सगळ्यात मोठ्याने बाबाच हसायचे.

त्यांचा आणखी एक नियम होता. त्यांच्या वर्गात बाकावर एकटं कुणी बसायचं नाही. शेजारी कुणी नसलं की मूल कुठे अडलंय ते कुणाला कळत नाही, त्याचं त्यालाही नाही, असं ते म्हणत. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की रिकाम्या वर्गातही ते बाकाच्या डाव्या टोकाला सरकून बसायचे. म्हणून प्रत्येक फोटोत खालच्या उजव्या कोपऱ्यात बाकाच्या फळीचा एक तुकडा यायचा. रिकामा.

ती जागा कुणासाठी होती ते तिला ठाऊक होतं. दर उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांचा फोन यायचा.

"येतेस का या वर्षी?"

"पुढच्या उन्हाळ्यात नक्की, बाबा."

आधी ऑफिस होतं, मग मुलीच्या परीक्षा होत्या, मग नुसतीच सवय. पुढे बाबांनी विचारणं सोडलं. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. हे हायसं वाटणं आता तिला खड्यासारखं टोचायचं.

तिने पाकिटं जमिनीवर क्रमाने मांडली. सुरुवातीच्या उन्हाळ्यांत फळी रिकामीच होती. मग एका वर्षी त्या कोपऱ्यात काहीतरी अंधुक आलेलं दिसलं. भिंगावर बोट आलं असेल, असं तिला वाटलं. पण त्या वर्षीच्या सगळ्याच फोटोंत, वेगवेगळ्या शाळांत, ते त्याच ठिकाणी होतं. पुढच्या वर्षी त्याला कापडाची कड होती. त्याच्या पुढच्या वर्षी बाही. नंतर बोटांची टोकं, फळीवर टेकवलेली, मोठ्या माणसाची.

तिने मागची वर्षं मनाशी जुळवून पाहिली. अंधुक काहीतरी पहिल्यांदा आलं होतं, त्याच वर्षी बाबांनी विचारणं सोडलं होतं.

शेवटच्या उन्हाळ्याचं पाकीट नव्हतं. तो रोल अजून कॅमेऱ्यातच होता.

फोटोवाले काका बाबांचे जुने दोस्त. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एक फोटो शिल्लक आहे म्हणाले. सर रोल कधी अर्धवट आणत नसत, तेव्हा तेवढा काढूनच आणा, असं त्यांनी सुचवलं. तिलाही फोनवरचं एक बोलणं आठवलं. टेकडीखालच्या शाळेत, पाण्याच्या टाकीशेजारी, वर्गात मधोमध खांब आहे, असं बाबा सांगत होते. एक फोटो तिथल्यासाठी राखून ठेवलाय, म्हणाले होते. ती तेव्हा भाजी निवडत होती. कशासाठी, हे विचारायचं राहून गेलं.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे पोचली. मैदान तापलं होतं. शिपाईबाईंनी तिला पाहून काही न विचारता किल्ल्या काढल्या.

"यंदा सर नाही आले?"

ते गेले, असं तिने सांगितलं. बाईंनी किल्ली कुलपात घातली. मग कुलूप काढता काढता म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुम्ही दोघं किती वेळ बसला होतात. मी दोनदा येऊन बघून गेले."

"मी नव्हते आले."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या हाताकडे. "असेल," त्या म्हणाल्या, आणि दार ढकलून बाहेरच उभ्या राहिल्या.

वर्गात खडूचा आणि बंद लाकडाचा वास होता. मधे खांब होता. ती शेवटच्या बाकाशी गेली आणि विचार न करता उजव्या टोकाला बसली. डावी बाजू रिकामी राहिली. तिथून फळ्याचा मधला भाग दिसत नव्हता. इथे बसणारं मूल वर्षभर अर्धीच वाक्यं वाचत असणार. बाबा हेच म्हणाले असते.

कॅमेरा जड होता. तिने तो दोन्ही हातांनी धरून डोळ्याला लावला.

बाक किंचित दबला.

लाकूड जुनं होतं, उन्हाने तापलेलं. डबी उघडून मिटल्याचा आवाज झाला, अगदी हळू.

आणि तिला बाबांचा चेहरा आठवला. पूर्ण. नाकावरचा चष्म्याचा वण, डाव्या भुवईतला एकच लांब केस, ऐकताना किंचित उघडं राहणारं तोंड. इतका जवळ की तिला नुसती मान वळवायची होती.

तिने वळवली नाही. वळवली तर जाईल, असं वाटलं.

"आले मी," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.

फोटो घ्यायला ती दादाबरोबर गेली. काकांनी गठ्ठा काउंटरवर ठेवला. गेल्या उन्हाळ्यातल्या प्रत्येक फोटोत खालच्या कोपऱ्यात आता अख्खा हात होता. डावा. फळीवर पालथा ठेवलेला, निवांत. अंगठ्याच्या मुळाशी होडीच्या आकाराची खूण.

तिने बाही पुढे ओढली. दादाचं लक्ष नव्हतं. तो भरभर फोटो मागे टाकत होता.

"हेही सगळे वर्गच. बाबा नाहीतच एकाही फोटोत."

"आहेत," ती म्हणाली.

काकांनी सगळ्यात खालचा फोटो वर काढला. "हा तुम्ही काढलेला ना? शोभता सरांची लेक. अगदी त्यांच्याच जागेवरून घेतलाय."

खांब होता, अर्धा फळा होता. फोटो बाकाच्या डाव्या टोकावरून घेतलेला होता. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात फळीवर तिचे दोन्ही हात होते, एकावर एक, रिकामे.