डावीकडची जागा

मी भाड्याच्या मोटारीत का बसत नाही, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कंदील जरा इकडे सरकवा.

फसली तेराशे एक्केचाळीसची, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बत्तीसची गोष्ट. मी बीडच्या अदालतीत पेशकार होतो. माझी बायको, सत्यभामा, विषमज्वरातून नुकती उठली होती. एकवीस दिवस मी तिच्या उशाशी बसून काढले होते. हकिमांनी हवापालट सांगितला, तेव्हा चार दिवसांची रुखसत घेऊन गंगेतल्या, म्हणजे आमच्या गोदावरीतल्या, बेटावर जायचं ठरवलं. तिथं एका स्नेह्याचा बंगला होता. उन्हाळ्यात अलीकडचं पात्र कोरडं पडे, आणि वाळूत कापसाच्या पळाट्या अंथरल्या की मोटार थेट बेटावर जाई.

मोटार जमीलची, भाड्याची. तो दुपारी दारात आला, पण त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"साहेब, मागची डावीकडची जागा तेवढी रिकामी ऱ्हाऊ द्या. बाईसाहेबांना पुढं बसवा."

त्या जागेवर लिंबाचा डहाळा ठेवला होता. मला हे धंदे ठाऊक होते. सबंध मोटार ठरवावी, आणि या मोटारवाल्यांनी वाटेत पाडळशिंगीला आणखी एखादा उतारू कोंबावा. मी पेशकार माणूस, माझ्याशी ही चलाखी? डहाळा मी रस्त्यावर फेकला आणि सत्यभामेला तिथंच बसवलं. जमील काहीतरी बोलणार होता. मी डोळे वटारले, तसा तो हँडल मारायला पुढे गेला.

गेवराई मागे पडली आणि वास सुरू झाला. आधी तुपासारखा, मग ओल्या चिंधीसारखा, मग सडलेल्या केळ्यांसारखा. मला पहिल्यापासून घाणीचं वावडं. नाकाला उपरणं लावलं तरी तो वास घशात उतरत होता. धावत्या मोटारीत माशा टिकत नाहीत, पण या टिकल्या. सत्यभामेच्या ओठांवर थव्यानं बसल्या होत्या, आणि ती त्या हाकलत नव्हती.

"पानी पाज की रं…" ती म्हणाली.

सत्यभामा पुण्याची. मला उभ्या जन्मात तिनं कधी 'अरे' म्हटलं नव्हतं. मी फिरकीचा तांब्या पुढे केला. पाणी तिच्या तोंडातून तसंच पिवळट होऊन हनुवटीवर ओघळलं. मला शिसारी आली. होय, माझ्याच बायकोची. ती लाज अजून गेलेली नाही.

बंगल्यापुढे मोटार थांबली तेव्हा ऊन कलत होतं. राखणदार आणि त्याची बायको सामान घ्यायला समोर उभी होती. मी दार उघडलं. सत्यभामेच्या दोन्ही पायांचे अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते. प्रेताचे बांधतात तसे.

जमील माझ्या कानाशी आला.

"परवा चौसाळ्याची एक म्हातारी हितं गंगेवर जाळाया आनली, साहेब. तीन दिस घरात पडून हुती. त्याच जागेवर बसवलती. मढं नेलं की पुढच्या खेपेला त्याची जागा मोकळी सोडायची, आमच्यात तसंच हाय… तुमी भाड्याला न्हाई म्हनाल म्हनून बोललो न्हाई."

"मग आता?"

"नाव घ्या. बाईसाहेबांचं नाव घेऊन उतरा म्हना. नुसती हाक मारू नका… कोन उतरंल, सांगता यायचं न्हाई."

बारा वर्षांच्या संसारात मी तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. कोण मारतं? समोर राखणदार, त्याची बायको, शेजारी जमील. जीभ रेटेना. शिवाय त्या वासातून एकदाचं सुटावं एवढंच वाटत होतं.

"अगं… उतर ना," मी म्हणालो.

ती लगेच उतरली. दोरा तुटून पायदानावर पडला. मी दार लावलं. जमीलनं डोळे मिटले. मग सामान उतरवून त्यानं मोटार वळवली.

मी तिचा हात धरून पायऱ्या चढू लागलो. मनगटावरची कातडी माझ्या बोटांखाली सरकली आणि उकडलेल्या बटाट्याचं साल निघावं तशी निघून आली. खाली ओलं, गार काहीतरी होतं. मी तिथंच ओकलो. तेव्हा कुठं नाव घ्यायची माझी लाज गेली.

"सत्यभामा!" मी ओरडलो. "सत्यभामा…"

जिचा हात धरला होता, ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. तोंड उघडं, ओठांवर माशा.

'ओ' आली ती पात्रातून. मोटार वाळूतून पलीकडच्या काठाला लागत होती.

"अहो… मी इथंच बसलेय. दार का लावलंत?"

आवाज सत्यभामेचाच होता. मोटारीबरोबर तो लांब चालला होता. मी धावायला वळलो, पण माझा हात सुटेना. त्या गार बोटांनी तो धरून ठेवला होता.