चौदा नंबरचा पत्रा

"चौथी ओळ, नंबर चौदा! कबर सापडली!" चर्चच्या तळघरातून ऑरिन धावतच वर आला. त्याच्या हातात दफनांच्या नोंदींची जुनी वही होती.

अंगणात सगळ्यांचे चेहरे खुलले. थियानं मात्र चटकन आपल्या सायकलकडे पाहिलं. चौदा नंबरचा पत्रा तिच्या सायकलला बांधलेला होता.

सुट्टी लागल्यापासून थिया आणि ऑरिन ही दोघं भावंडं आपल्या लवॉनआजीच्या आजीचा माग काढत होती. इंगबोर्ग तिचं नाव. नॉर्वेहून अमेरिकेत, आयोवात आली, मक्याची शेती उभी केली. पण तिच्या कबरीवर दगड कधी बसलाच नाही, होता तो नुसता नंबराचा लोखंडी पत्रा. आणि सोमवारी कबरस्तानाची देखभाल करणारे व्हर्लिनकाका नेमके चौथ्या ओळीच्या कोपऱ्यात गवत कापायच्या मशीनसाठी शेड बांधणार होते.

"चौथ्या ओळीत एकही पत्रा नाही," काका म्हणाले. "वीस वर्षं मी तिथलं गवत कापतोय. मला विचारा की."

थियानं ऑरिनला कोपऱ्यात ओढलं. "पत्रा माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात मीच उपटला. टीममध्ये माझा नंबर चौदा ना. मला वाटलं, असाच आहे."

"कबरस्तानात? असाच?"

"टोमणे नंतर मार."

"बरं, कुठून उपटलास?"

तेच तर आठवत नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. "हातावर मुंग्या चढल्या होत्या, एवढंच आठवतं."

ऑरिननं आजूबाजूला पाहिलं. प्रत्येक जुन्या कबरीपाशी पिओनीचं झुडूप फुललं होतं आणि गुलाबी कळ्यांवर मुंग्याच मुंग्या होत्या.

"काका, त्या कोपऱ्यात पिओनी होती का हो?"

"ते लाल कोंब? तण होतं ते. यंदा साफ करून टाकलं."

दोघं गुडघ्यांवर रांगत निघाली. बऱ्याच वेळानं गवतात कापलेल्या जाड देठांचा झुबका हाताला लागला. शेजारी मातीत एक अरुंद फट होती. थियानं सायकलचा पत्रा सोडवून आणला. तो फटीत नीट बसला.

"गवतात सापडला म्हणून सांग," ऑरिन कुजबुजला. "कुणाला कळतंय?"

तोवर सगळे जमलेच. काकांनी टोपी काढली. "मी तण समजलो, त्याच्याआड पत्रा होता तो कधी दिसलाच नाही. चुकलंच माझं. शेड दुसरीकडे बांधतो. शाबास, पोरांनो!"

थियाला ती शाबासकी पचेना. "पत्रा मीच नेला होता," ती म्हणाली. "वर्षभर सायकलला लावून मिरवला. आजी, माझ्यामुळे तुझी आजी शेडखाली गेली असती." तिला रडू फुटलं.

लवॉनआजी काठी टेकत खाली बसली आणि तिनं पत्र्यावरून हात फिरवला. तारेचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"हे झुडूप माझ्या आईनं लावलं," ती म्हणाली. "ती गेल्यावर मी यायला हवं होतं. तीन मैलांवर राहते, पण चाळीस वर्षांत एकदाही आले नाही. आज नंबर वहीत शोधायची वेळ आली, ती माझ्यामुळे. ये, बस इथे."

थिया बसली.

"सांगितलंस ते बरं केलंस. माझ्याच्यानं इतकी वर्षं सांगवलं नव्हतं." आजीनं तिचे डोळे पुसले. "मुळं जमिनीत आहेत, पुढच्या मेमध्ये पिओनी पुन्हा फुलेल. तेव्हा मला घेऊन ये. सायकलवर नको, गाडीनं."