आतली कडी

सुट्टीसाठी फोनवर घर शोधणं आणि मुलीसाठी स्थळ शोधणं यात फारसा फरक नाही. फोटोत सगळेच गोरेगोमटे, खरं काय ते गेल्यावर कळतं. गेल्या दिवाळीनंतर मी असंच घर शोधत बसले होते, मायसाठी. ती आणि मी, दोघीच असतो नागपूरच्या फ्लॅटमध्ये. मी बँकेत जाते, ती दिवसभर खिडकीत बसते. म्हटलं, दोन दिवस तिला कुठेतरी पाण्याकाठी न्यावं.

डोंगरातलं तळं, तळ्याकाठी लाकडी घर, समोर धुकं, असे एकेक फोटो मी तिला दाखवत गेले. चिखलदरा झालं, पचमढी झाली. माय चष्मा पुसून पुसून बघायची आणि मान हलवायची.

"काहून वं माय? चांगलं त आहे."

"चांगलं हाये. पण हे पानी आपलं नोहे."

तिचं पाणी कुठलं, ते मला ठाऊक होतं. आमचं सायगाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. पाणी चढायच्या आधी लोकांनी आपापली घरं स्वतःच्या हातांनी उकलली. छपराचे कवेलू, लाकडी मयाली, दारं, जे निघेल ते काढून नव्या वस्तीत नेलं. आमचं सागवानी दार तेवढं चौकटीसकट बाबांनी पवनीच्या लाकूडवाल्याला विकलं, कारण नव्या घराला लोखंडी दार बसलं होतं. ते गेलं त्या दिवशी बाबा जेवले नव्हते.

पुढे एका दुपारी ते म्हणाले, "आमराई बुडाली का पाहून येतो. कडी नोको लावू." डोंगा वल्हवत गेले. डोंगा सापडला, बाबा सापडले नाहीत.

बाबांचा एक नियम होता. घरातलं शेवटचं माणूस आत आल्याशिवाय दाराला आतून कडी लावायची नाही. माय तो पाळत राहिली. नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर, चोऱ्यामाऱ्यांच्या वस्तीत. यावरून आमची किती भांडणं झाली असतील!

"चोर शिरला म्हणजे?"

"शिरू दे. पण त्याईले आत येता आलं पायजे."

मी निजायच्या आधी उठून कडी लावायची, आणि ती पहाटे माझ्याआधी उठून काढायची.

तर घर शोधता शोधता पवनीच्या अलीकडचं एक घर समोर आलं. धरणाच्या फुगवट्याच्या अगदी काठावर, पलीकडे कऱ्हांडल्याच्या जंगलाच्या टेकड्या. एकच मोठी खोली आणि पुढे ओसरी. शेवटचा फोटो दाराचा होता. दोन फळ्यांचं सागवानी दार, त्यावर कोरलेला पोपट, आणि त्या पोपटाला चोच नव्हती. ती लहानपणी माझ्या हातून मुसळ निसटून तुटली होती.

मी काही बोलायच्या आत मायनं काचेवर बोट ठेवलं. "हे घे."

पाहुणे किती, असं फोननं विचारलं. मी दोन टाकले.

"तीन लिव," माय म्हणाली.

मी हसले आणि दोनच ठेवले.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घराचा मालक प्रितम, पवनीचाच तरुण पोरगा, मोठ्या कौतुकानं दार दाखवत होता. "ओरिजनल हाये ताई. धरनाच्या डुबीत गेलेल्या गावचं. आतली कडीबी जुनीच ठेवली, पाहुन्याईले आवडते." माय त्याचं ऐकत नव्हती. ती चौकटीवरून हात फिरवत होती, एखाद्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. त्या चौकटीला टेकून बाबा माझी वेणी घालायचे. वाकडी घालायचे, आणि मी तशीच शाळेत जायची.

प्रितम किल्ली देऊन गावात परतला. आम्ही ओसरीवर बसलो. समोर पाणी आणि त्यातून वर आलेली वाळली झाडं. आमराई तीच का, कोण सांगणार? माय एकेक आठवण काढत होती. इथं धान्याचा ढोला होता, तिथं गोठा, पलीकडे शकुंतलाबाईचं घर, तिच्या हातच्या चकोल्या. मीही त्यात रमले. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एवढं हसलो नव्हतो.

दिवेलागणीला वीज गेली. मायनं कंदील लावला, ताटं मांडली. डब्यातला भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. ताटं तीन.

"माय, आपण दोघी आहो."

"राहू दे."

वारा पडला होता. पाण्यावरून ओल्या मातीचा वास येत होता. मग त्यात बिडीचा वास मिसळला. मी आजूबाजूला पाहिलं, काठावर कुणी नव्हतं. खालून मात्र आवाज आला... डोंग्याचं तोंड काठाला लागतं, तसा. थप्... थप्.

"मासेमारीवाले असतील," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

माय उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला. आणि ओसरीच्या पायरीशी कुणीतरी खाकरलं.

बाबा तसं खाकरायचे. घरात शिरताना, एकदाच, बायकांना कळावं म्हणून. मी तो आवाज विसरले आहे असं मला वाटत होतं. नव्हते विसरले. पायरीवर तर कुणीच नव्हतं... पण कंदिलाची ज्योत एकदा आतल्या बाजूला झुकली आणि परत सरळ झाली.

"चाल आत," माय म्हणाली.

आम्ही आत गेलो. तिनं दाराच्या दोन्ही फळ्या लोटल्या, कडी उचलली आणि कोयंड्यात अडकवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तिला कडी लावताना पाहिलं.

"माय... कोण आलं?"

"सगळे आले," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

मी घास तसाच ताटात ठेवला. ती मात्र पोटभर जेवली, आडवी झाली आणि लहान पोरीसारखी गाढ झोपली. मी तिचा हात धरून पडून राहिले. मला भीती बाबांची नव्हती. ती उठून पाण्याकडे चालू लागली तर, याची होती. कधी डोळा लागला, कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन होतं, दार उघडं होतं आणि माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिसरं ताट धुऊन भिंतीला उभं लावलेलं होतं, बाबा लावायचे तसं. मायनंच धुतलं असेल.

निघताना तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. उंबऱ्याबाहेर पाय ठेवताना रिकाम्या खोलीकडे वळून तेवढं म्हणाली, "येतो जी."

वाटेत भिवापूरला चहाला थांबलो आणि प्रितमचा फोन आला.

"ताई, तुमी दोघीबी निघाल्या ना?"

"हो. तुझ्यासमोर तर निघालो."

"मंग खोलीत कोन हाये? दार आतून लागलं हाये. म्या किती ठोकलं... दुसरं दार नाई, खिडक्याईले गज हायेत. अन् आतून बिडीचा वास येऊन रायला."

मायनं माझ्या हातून फोन घेतला. "बाबू, फोन दाराले लाव."

तिकडे काहीतरी खरखरलं. मग तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि अगदी हळू, लाडीगोडीनं म्हणाली, "अजी... मी बाहेर आहो ना अजून. सगळे कुठं आले? कडी काढा."

काहीच ऐकू आलं नाही. फक्त प्रितमचा श्वास. आणि मग खळ्‌कन... लोखंडी कडी लाकडावर पडल्याचा आवाज.

फोन बंद झाला. मायनं उरलेला चहा पिऊन कप खाली ठेवला.

"पुढच्या खेपेस माह्यं एकटीचंच बुक कर," ती म्हणाली.

मी त्या टपरीवर, लोकांसमोर, हमसून रडले. नाही म्हणाले. माझं कोण आहे दुसरं, असंही म्हणाले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण शब्द मागे घेतला नाही.

आता ती रोज दिवेलागणीला आमच्या फ्लॅटची कडी न सांगता लावते. तिला इथं आता कुणाची वाट पाहायची नाही. घर शोधायचं ते अॅप मी काढून टाकलं आहे. पण प्रितमचा फोन अधूनमधून येतोच. परवाही आला.

"ताई, त्या दाराची कडी लागतच नाई. सुताराले दोनदा दाखवलं, तो म्हनते कडीत काई खोट नाई. पन लावली का खाली पडते. पाहुने रायत नाई ना जी... मायले विचारा ना, कधी येऊन रायली?"

"कोनाचा फोन वं?" मायनं आतून विचारलं.

"राँग नंबर," मी म्हणाले.

तिची कापडी पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगलेली आहे. दोन लुगडी आणि तांदळाचं गाठोडं. मी रोज ती रिकामी करते, आणि बँकेतून परत येईपर्यंत ती भरलेली असते.