पंधरा मिनिटांची वाळू

वहिनींचा फोन आला तेव्हा मोठेबाबू दुपारचा चहा गाळत होते.

"भावजी, यांचा टॉवेल तिथेच राहिलाय. तेवढा आणून द्याल?"

'यांचा' म्हणजे मास्तरांचा. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर आणि कचेरीतून निवृत्त झालेले मोठेबाबू ही जोडी दर शनिवारी व्यायामशाळेच्या सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, बसायची. दारावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत फायदे होते: सांधे मोकळे होतात, रक्त खेळतं, झोप लागते. खाली बारीक अक्षरांत धोके: रक्तदाब असल्यास डॉक्टरांना विचारा, पाणी प्या, पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. जन्मभर बारीक अक्षरं वाचून पगार घेतलेल्या मोठेबाबूंनी निवृत्तीनंतर फक्त मोठी वाचायचं ठरवलं होतं. मास्तर रक्तदाबाची गोळी घेत, हे त्यांना ठाऊक होतं. आधी उठेल त्याला आठवडाभर 'नाजूकराव' म्हणायचं, असा दोघांचा करार होता.

दोन महिन्यांपूर्वी मास्तर आतच वारले, त्या शनिवारापासून सौना बंद होतं. राखणदाराने किल्ली दिली, पण तो स्वतः दारापाशीच थांबला.

"टॉवेल वरच्या फळीवर आहे, साहेब. मी नाही आत येत."

"का रे? भाजशील?"

राखणदार हसला नाही. "शेगडीची तर वायरसुद्धा काढलीय, साहेब…"

आत अंधार. जुन्या लाकडाचा, वाळलेल्या घामाचा वास. मोठेबाबू दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

चष्मा पुसून त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खिळ्यावर फिरणारं वाळूचं घड्याळ चालू होतं. वरचा फुगा जवळजवळ भरलेला. वाळू पडताना बारीक आवाज येत होता.

त्या दिवशी वाळू संपली होती. मास्तर वरच्या फळीवर डोळे मिटून बसले होते. मोठेबाबूंनी हळूच घड्याळ उलटं केलं होतं. नुसती गंमत! मग बाहेर जाऊन पाणी प्यायले, चार जणांना ती गंमत सांगितली, चौघांसोबत हसले. परत आले तेव्हा…

"झाली का रे… पंधरा?"

आवाज वरच्या फळीवरून आला. दमलेला, विश्वासाने विचारणारा. त्या दिवशी होता तसाच.

मोठेबाबूंनी वर पाहिलं. एकच शब्द बोलायचा होता. 'झाली.' जीभ मात्र त्या दिवशीसारखीच वळली.

"अजून थोडी आहेत…"

"बरं," फळी करकरली.

टॉवेल ओढून ते बाहेर पडले ते थेट वहिनींच्या दारात.

वहिनींनी पाणी दिलं. "भावजी, तुम्हीच होता शेवटी. उठायचं म्हणाले होते का हो? लोक म्हणतात, हट्टाने बसले. मला वाटतं, विचारलं असेल त्यांनी…"

"नाही, वहिनी." मोठेबाबू फरशीकडे पाहत म्हणाले. "मजेत होते."

वहिनींनी मान हलवली आणि टॉवेलची घडी उलगडली.

घडीतून वाळू पडू लागली. बारीक, कोमट धार. वहिनींनी टॉवेल झटकला, उलटा केला, मग लांब धरला.

"हे कुठून आलं, भावजी?"

काचेच्या घड्याळात मावते तेवढी वाळू केव्हाच पडून झाली होती. धार मात्र थांबत नव्हती. मोठेबाबूंच्या पायांपर्यंत ढीग आला, तरी त्यांच्या तोंडून 'झाली' निघेना.