पाऊण तासाचं काम

एकाच कार्डावर दोघांचा हात पडला, आणि दोघांपैकी कुणीही तो मागे घेतला नाही.

जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या त्या दुकानात बाकी सगळं ढिगाने होतं. कीबोर्ड, वायरींची भेंडोळी, मुके स्पीकर... ग्राफिक्स कार्ड मात्र एकच. दोन पंख्यांचं, धुळीनं माखलेलं.

"मी आधी बघितलं," मी म्हटलं.

"मी कालपासून बघतोय."

"नुसतं बघत बसणाऱ्यांचं असंच होतं."

तो हसला. हसताना त्याची एकच भुवई वर जायची, हे मी तेव्हाच टिपलं. नको होतं टिपायला.

"गेम खेळता?" त्यानं विचारलं.

"कॅसेटी. लोकांच्या घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आम्ही कॉम्प्युटरवर उतरवून देतो. तीन तासांच्या कॅसेटची छोटी फाइल करायला आमच्या प्रोसेसरला नऊ तास लागतात. ते काम म्हणे कार्ड करतं... आमच्याकडे विंडोज नाही, लिनक्स आहे, त्यावरसुद्धा."

"करतं. वीस मिनिटांत करतं. पण हे कार्ड तुमच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही."

"तुम्ही कधी पाहिलंत माझं कॅबिनेट?"

"या लांबीचं कार्ड जुन्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. दोन बोटं बाहेर राहतं. आतला पत्रा कापावा लागेल."

"मग कापीन."

"कशानं? कात्रीनं?" आणि त्यानं हात काढून घेतला. "न्या. पत्रा कापायला मी येतो उद्या."

तो ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुसऱ्या दिवशी खरंच आमच्या दुकानात आला, लोखंड कापायची करवत घेऊन. बाबांनी चष्म्यावरून आधी करवतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तासाभरात कार्ड बसलं, ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम चढला, पण कार्ड काही माझं ऐकेना.

"तुम्हाला परवानगीच नाहीये कार्डाला हात लावायची," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "लिनक्समध्ये तसंच असतं. ज्यांची नावं यादीत आहेत, त्यांनाच कार्ड दाद देतं."

"मग घाला माझं नाव यादीत."

"असं कुणाचंही नाव घालत नाही मी..."

बाबा खोकले. त्यानं मुकाट्यानं माझं नाव घातलं. पहिली कॅसेट खरंच वीस मिनिटांत झाली, आणि बाबांनी त्या मुलाचं नाव ठेवलं — सुसाट.

सुसाट मग येतच राहिला. कधी पंख्याला तेल घालायला, कधी उगाचच. त्या दिवसांत हवा फार गार होती, आणि दुकानात शेगडी-हीटर काही नव्हतं. कार्ड काम करू लागलं की कॅबिनेटच्या मागून ऊबदार वारा यायचा. आम्ही दोघं मागे उकिडवे बसून हात शेकायचो. वाऱ्याचा झोत जेमतेम वीतभर रुंद, म्हणजे चार हात त्यात मावायचे तर एकमेकांना लागणारच.

"सरका ना," मी म्हणायचे.

"कुठे सरकू? तिकडे गार आहे."

"मग राहू द्या."

"राहू दे म्हण. 'द्या' कशाला?"

असे आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. भानावर यायचे तेव्हा हात शेकून कधीच झालेले असायचे.

त्यानं मला एक स्क्रिप्टही, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहून दिली. 'आलेलं' नावाच्या फोल्डरमध्ये कॅसेटवरून उतरवलेली अवाढव्य कच्ची फाइल टाकली, की स्क्रिप्ट ती उचलायची, कार्डाकडून छोटी करून घ्यायची, 'झालेलं'मध्ये ठेवायची आणि कच्ची पुसून टाकायची, म्हणजे डिस्क भरायची भीती नाही. कार्डाचं एक होतं, ते घाईत काम उरकायचं. उजेडातलं चित्र छान यायचं, अंधारातलं मात्र चौकोन-चौकोन व्हायचं. प्रोसेसर रखडत करायचा, पण अंधारही नीट उतरवायचा. गिऱ्हाइकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. मला होतं, एका कॅसेटपुरतं.

ती आईची कॅसेट.

बाबांनी तीस वर्षं लोकांचे समारंभ कॅमेऱ्यात पकडले आणि स्वतःच्या बायकोचं चित्रण केलं ते एकदाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यातूनही वीज गेलेली, खोलीत एकच दिवा, आणि आई मला बुटाची नाडी बांधायला शिकवतेय. सगळी मिळून अकरा मिनिटं. मी चार वर्षांची असताना ती गेली. माझ्याकडे तिचे फोटो आहेत, पण फोटो काही हलत नाही, हसत नाही. हसताना ती कशी दिसायची ते मला एकदा बघायचं होतं. आयुष्यात दुसरा कुठलाच हट्ट मी केला नसेल.

कॅसेटला बुरशी लागली होती. बाबा म्हणाले होते, "एकदाच चालेल ती. दुसऱ्यांदा नाही."

त्याच आठवड्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली की दोघांनी मिळूनच बघायचं, असं आमचं ठरलं. म्हणून कॅसेट उतरवताना मी चित्र आणि आवाज दोन्ही बंद ठेवले. नुसते आकडे पुढे सरकताना बघत होते. शेजारी सुसाट बसला होता, मशीनच्या झाकणावर हात ठेवून, आजाऱ्याजवळ बसावं तसा. अकरा मिनिटं पुरी झाली आणि आत कर्रकन आवाज आला. टेपवरचा लेप सुटून मशीनला चिकटला होता. कॅसेट संपली. पण फाइल मिळाली होती, पूर्ण!

मी ती 'आई' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली. त्याला बजावलं, "हिला कार्डावर नाही टाकायचं. ही प्रोसेसरवर करणार, सावकाश. पाऊण तास लागला तरी चालेल."

"जशी आज्ञा!"

मशीन पुसून काळे झालेले हात धुऊन मी आले तेव्हा तो जाकीट घालून दारात उभा. "चल, चहा पिऊ. मी पुढची कॅसेट लावून ठेवलीये उतरवायला. मशीन कशाला रिकामं ठेवा?"

आम्ही पुलापर्यंत चालत गेलो. चहा कागदी कपात होता आणि फार गोड होता. पुलाच्या कठड्याला टेकून तो बराच वेळ नुसताच कप फिरवत राहिला.

"काय झालं?" मी म्हटलं. "बोलायचं विसरलास?"

"नाही... मी सगळं पटकन करतो ना? हेच एक जमत नाहीये."

"मग सावकाश कर."

"तू मला... म्हणजे मला तू... बाबांशी बोलू का मी?"

"कशाबद्दल? पंख्याबद्दल?"

"ए, थट्टा नको ना!"

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हटलं, "पट्टी सुटू दे त्यांची. तुला नीट बघू देत एकदा." इतकी सुखी मी आधी कधी नव्हते. नंतरही नाही.

परतल्यावर मी बाबांना औषध द्यायला आत गेले. बाहेर आले तेव्हा तो कॉम्प्युटरसमोर बसला होता, पांढराफटक.

"बरं नाही वाटत का?"

"चहा... चहा जास्त झाला."

चौथ्या दिवशी पट्टी सुटली. तिघं रांगेत बसलो. चित्र सुरू झालं, आणि पडद्यावर चौकोन होते. काळे, करडे, तपकिरी चौकोन एकमेकांवर सरकत होते. मधे कुठेतरी एक हात असावा. चेहऱ्याच्या जागी फरशी बसवल्यासारखं काहीतरी. आवाज मात्र लख्ख होता, आवाजाला कार्ड हात लावत नाही. आई म्हणत होती, "सावकाश गं. कोण मागे लागलंय तुझ्या? परत कर." आणि मग ती हसली. हसण्याचा आवाज आला आणि चौकोन थोडे हलले.

"कच्ची फाइल उघडतच नव्हती," सुसाट खाली बघत म्हणाला. "टेप फार खराब होती. खटपट करून... एवढंच वाचवता आलं मला."

बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "एवढं केलंस, खूप झालं बाबा. आवाज तरी दिलास तिचा." त्यांच्या नव्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी सुसाटचा हात घट्ट धरला. वाटलं, किती जिवाला लावून घेतलंय यानं.

पंधरा दिवसांनी एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. कॅसेट चांगली, पण संध्याकाळचं चित्रण सगळं चौकोनी. तसेच चौकोन! कार्डानं त्या फाइलचं काय केलं ते बघायला मी स्क्रिप्टची नोंदवही उघडली. कॉम्प्युटर केलेलं प्रत्येक काम तिथे वेळेसकट लिहून ठेवतो. वर सरकता सरकता त्या दिवसापाशी आले.

चार वाजून बारा मिनिटं — 'आई' मिळाली. चार वाजून तेरा — छोटी केली. चार वाजून तेरा — कच्ची पुसली.

चार बाराला मी हात धूत होते.

त्याखाली त्यानं स्वतः दिलेल्या आज्ञा होत्या. साडेपाच ते सव्वासहा, पुसलेली फाइल परत मिळवायच्या. अकरा वेळा. अकराही वेळा नाही म्हणून उत्तर. मिळणार कशी? चहाला जाताना त्यानंच लावलेली कॅसेट डिस्कवर आईच्या मोकळ्या झालेल्या जागेवर उतरत होती. तिथे आता कुठल्याशा शाळेतल्या पोरांची धावण्याची शर्यत होती.

तो आला तेव्हा मी नोंदवही उघडीच ठेवली होती. त्यानं वाचली नाही, गरज नव्हती.

"झटपट एक प्रत करत होतो," तो म्हणाला. "त्याच संध्याकाळी तुझ्या हातात द्यायची होती. म्हटलं, तुला एवढा धीर कुठला... फाइल 'आलेलं'मध्ये सरकवली, पण स्क्रिप्ट कच्ची पुसते हे डोक्यातूनच गेलं. मीच लिहिलेली ओळ, आणि..."

"आणि हे मला कधी सांगणार होतास?"

"रोज सांगणार होतो. तू पुलावर हो म्हणालीस आणि तासाभरात मी... कसं सांगू? तू सोडून गेली असतीस."

"नसते गेले." मी म्हटलं. "भांडले असते. महिनाभर तोंड बघितलं नसतं तुझं. आणि मग आले असते चहाला. तुझी चूक मी पोटात घातली असती रे! पण बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि तू तो ठेवू दिलास. वाचवलं म्हणालास. पुसलीस तू, आणि वाचवल्याबद्दल आभार मानून घेतलेस."

"एकदा... एकदाच माफ कर."

"आणि पुढच्या वेळी? तू 'टेपच खराब होती' म्हणालास, तर मी काय करायचं? दर वेळी नोंदवही उघडायची?"

तो उभा राहिला. कार्डाचा पंखा घरघरत होता. "कार्ड काढून नेऊ?"

"कशाला? ते माझं आहे."

बाबांना मी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत बसले. "चुकला बिचारा," म्हणाले, आणि मग, "मला सांगायला हवं होतं त्यानं." त्यानंतर त्यांनी सुसाट हे नाव घेतलं नाही.

स्क्रिप्टमधली पुसायची ओळ मी खोडली. आता कच्च्या फाइली मीच पुसते, दोनदा बघून. बाकी सगळं त्यानं लावून दिलं तसंच आहे. कार्डावर राग काढून काय करू? त्यानं त्याचं काम केलं.

दिवसभराच्या कॅसेटी पाच वाजताच होऊन जातात. पूर्वी जेवायची वेळ टळायची. पंखा मंदावतो, मागचा ऊबदार वारा थोडा वेळ येत राहतो, आणि वीतभर जागेत माझे दोनच हात ऐसपैस मावतात. मग तोही थांबतो. एवढी मोठी संध्याकाळ त्यानं मला वाचवून दिलीये, आणि मला ती रोज एकटीनंच संपवायची असते.