सैल गुंडाळलेला कागद

पटत नसेल तर पुढं वाचू नका. माझ्याच संसारात घडलंय हे. खोटं बोलून मला काय मिळणार हाय?

मी रूपाली. उचगावात एका वर्कशॉपात जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करतात, तिथं तांब्याच्या कॉइलवर कागद गुंडाळते. नवरा अतुल तिथंच फिटर. आधी लाईनमन होता.

वीज कडाडली की लाईनीत जादा दाबाचा झटका येतो. कॉइलवरचा कागद आतल्या आत होरपळतो. वरनं कायबी दिसत न्हाय. असे झटके खात खात एक दिवस ट्रान्सफॉर्मरची टाकी फुटते.

गडहिंग्लजकडनं असाच एक फुटलेला आला. त्याच्यावर काम करताना अमरसिंह नावाचा लाईनमन भाजून मेला होता.

गेल्या मे महिन्यातला रविवार. दिवेलागणीची वेळ.

अतुलनं मी गुंडाळलेली कॉइल त्याच ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत बसवली होती. वळीव गरजत होता, अख्ख्या उचगावची लाईट गेलेली. ट्रान्सफॉर्मर जमिनीवर. एकबी वायर जोडलेली नव्हती.

तरी ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला...

"अवो, घरी चला," मी म्हटलं.

"थांब की गं!"

गुणगुण थांबली. पत्र्यावरचा पाऊससुद्धा ऐकू येईना.

आणि टाकीतनं कुणीतरी विचारलं...

"लाईन बंद हाय न्हवं?"

खांबावर चढायच्या आधी लाईनमन हेच विचारतात. ऐकणारा उत्तर देतोच, सवयच असती.

मी अतुलच्या तोंडावर हात ठेवायला धावले.

"व्हय, बंद हाय," तो बोलून गेला.

लांब कुठंतरी वीज पडली.

अतुलचा हात टाकीवर होता. तो ओरडलासुद्धा न्हाय... नुसता वास आला.

डॉक्टर म्हणाले, करंटनं गेला. कुठला करंट, सांगा की!

सुतक फिटायच्या आत मालकानं बोलावलं. टाकी उघडली, तर माझा नवाकोरा कागद थर न् थर कोळसा.

"परत गुंडाळा वैनी, माल द्यायचाय."

मेल्याला दयामाया न्हाय. मी बसले गुंडाळायला.

तांबं गार असतं. हे कोमट होतं, माणसाच्या अंगागत.

मी कागद आवळला...

आतनं कुणीतरी कण्हलं.

ताप आला की अतुल असाच कण्हायचा. बायकोला का कळणार न्हाय?

कागद सैल राहिला तर पुढचा झटका सोसत न्हाय. जवळ जो कोण असंल तो जातो. मला चांगलं ठाऊक हाय.

तरी मी सैल गुंडाळला. माझ्या माणसाला दुखत होतं हो.

त्याच आठवड्यात तो ट्रान्सफॉर्मर खांबावर चढला. आभाळ गरजलं की मी कानात बोटं घालते.

कुठल्या गावात बसवलाय, ते मी अजून विचारलं न्हाय.