तारेतली बाय

तार आली तेव्हा चन्नबसप्पांची लिंगपूजा नुकतीच आटोपली होती, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ त्या ‘नुकतीच’मध्ये होतं. सकाळची पूजा झाली की रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. भुसाराच्या दुकानदारानं असा नेम धरावा याचं अख्ख्या वालूरला कौतुक होतं, आणि गिऱ्हाइकांना थोडी शंका. तार अर्धा तास आधी आली असती तर जे काही खोटं बोलायचं ते त्यांनी स्वतःच बोलून घेतलं असतं, आणि त्यांच्या सुनेची, गौराबाईची, बारा वर्षं वाचली असती... पण तारेला कुठं कुणाची पूजा कळते!

त्या तारेची वाट घर पंधरा दिवस पाहत होतं. चन्नबसप्पांची लेक उमादेवी, अठरा वर्षांची, सेलूला कॉलेजात जायची आणि फुटबॉल खेळायची. तिथले भुजंग मास्तर निजामाच्या अमदानीत हैदराबादला फुटबॉल शिकलेले. मुलांना सगळ्यांना क्रिकेट पाहिजे होतं म्हणून मास्तरांनी चिडून मुलींना फुटबॉल शिकवला, आणि त्या चिडीतून ही पोरगी निघाली. त्यातही ती खेळायची तो प्रकार निराळा... छपराखालचा, पाच-पाच जणींचा. त्याचं परदेशी नाव ‘सालोन’ की असंच काहीतरी होतं. गावानं ते ‘सलून’ असं ऐकलं, आणि चन्नबसप्पांच्या पोरीचा केस कापायच्या दुकानाशी काय संबंध, यावर पारावर आठवडाभर चर्चा झाली. त्या खेळाच्या बायकांच्या स्पर्धा सिंगापूरला होणार होत्या, सहा देशांच्या, आणि हिंदुस्थानच्या संघासाठी उमा पुण्याला चाचणी देऊन आली होती.

त्या खेळातला चेंडू उसळत नाही. तसला चेंडू परभणी जिल्ह्यात मिळणं शक्य नव्हतं, म्हणून गौराबाईनं जुन्या चामडी चेंडूत सरकी काढलेला कापूस ठासून भरला आणि दाभणानं शिवून दिला. बोटाला तीनदा दाभण टोचलं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गौराबाई नवरी होऊन या घरात आली त्याच वर्षी सासू वारली होती, आणि पाच वर्षांच्या उमाला तिनं हळदीच्या अंगानंच पदराखाली घेतलं होतं. पुढं गौराबाईची कूस उजवली नाही. बायका हळहळायच्या, ती मनात म्हणायची, हळहळता कशाला, मला लेक आहे की!

तर तार आली. ती वाचली आश्रुबा पोस्टमननं. आश्रुबा सातवी नापास, पण इंग्रजी एक-एक अक्षर सुटं करून वाचायचा, आणि अर्थही सुटा-सुटाच लावायचा. दुकानाच्या दारात त्यानं काय वाचलं हे गौराबाईला बारा वर्षांनी कळलं. आपण आत्ताच ऐकून घेऊ.

“सिलेक्टेड, म्हंजे निवड झाली, मालक,” आश्रुबा म्हणाला. “पुढं हाय... स्टँड. बाय.” तो थांबला, त्यानं टोपी सारखी केली. “स्टँड म्हंजे मोटारस्टँडच. आन् बाय म्हंजे... बायच. स्टँडवरली बाय म्हनून निवड केली असं दिसायलंय. पुन्याला धा तारखेला हजर करा म्हनतेत.”

चन्नबसप्पांचा चेहरा राखुंडीसारखा झाला. परभणीच्या स्टँडवर सांजच्याला कसल्या बाया उभ्या राहतात हे बाजारहाट करणाऱ्या माणसाला माहीत असतंच. आणि असला शब्द खरा की खोटा हे विचारायचं कुणाला? मास्तरांना? जावयाच्या शोधात निघालेल्या बापानं हा शब्द तोंडातून काढायचा? त्यांनी आश्रुबाला गळ्यातल्या लिंगाची शपथ घातली, तार मुठीत चुरगळली आणि आत येऊन चुलीपुढच्या सुनेसमोर टाकली.

“ही जाळ. आन् उमीनं इचारलं तर आली न्हाई म्हन. माझी पूजा झालीया.”

का, हे गौराबाईनं विचारलं नाही. त्या घरात सुना ‘का’ विचारत नसत. कागद पेटला, आणि परसदारातून ओल्या केसांनी उमा धावत आली. आश्रुबाच्या सायकलीची घंटी तिला ऐकू आली होती. माझी तार का, म्हणून तिनं बापाला विचारलं. बाप आढ्याकडं पाहत राहिला. गौराबाई म्हणाली, “न्हाई गं, कुनाचं तरी घर पुसायला आलता.” चुलीतली राख अजून तांबडी होती...

बारा दिवसांनी भुजंग मास्तर स्वतः आले. संघ सिंगापूरला गेला, पुण्याच्या शिबिरात चार दिवस उमाची वाट पाहिली, आणि तार पोचल्याची नोंद पोस्टाच्या वहीत आहे, एवढं सांगून ते चहा न घेता निघून गेले.

उमानं आधी बापाकडं पाहिलं. ती नजर गौराबाईनं पाहिली. आई गेलेल्या पोरीला उभ्या जगात हक्काचं म्हणावं असं एकच माणूस, आणि तिच्या डोळ्यांत ते माणूस आता विझत चाललं होतं! चन्नबसप्पा गप्प होते. गप्प राहिल्यानं नेम मोडत नाही हा शोध त्यांना नुकताच लागला होता.

“म्या घेतली तार,” गौराबाई म्हणाली. “चुलीत घातली.”

“तू?... का पर, वैनी?”

कारण तयार नव्हतं. पण तोंड उघडलं आणि ते आपसूक आलं. “मला सेलूच्या म्होरं कवा कुनी नेलं न्हाई. आन् तू इमानात बसनार व्हतीस.”

हे इतकं सहज बाहेर पडलं की गौराबाई स्वतःच दचकली. यात कणभर खरंही आहे की काय, ही शंका पुढं कित्येक वर्षं तिला चावत राहिली.

उमा रडली नाही. ती फक्त म्हणाली, “बरं झालं तुमी सांगितलं.”

तुमी! शिव्या दिल्या असत्या, केस ओढले असते तर गौराबाईनं ते सुखानं सोसलं असतं. त्या एका मानाच्या शब्दानं ती पोरकी झाली. नवरा गुरुपाद मवाळ माणूस; तो रात्री एवढंच म्हणाला की तुझं मन एवढं बारीक असेल असं वाटलं नव्हतं. सासऱ्यांकडं तिनं आशेनं पाहिलं, तर सासरे दुसऱ्या दिवशी दीड तास पूजेला बसले.

वर्षाच्या आत उमाचं लग्न झालं, नांदेडला, एका शाळेतल्या क्लार्काशी. फुटबॉल सुटला. पत्रं बापाच्या नावानं यायची. शेवटी ‘घरातील सर्वांस नमस्कार’ असायचं, आणि त्या ‘सर्वांस’मध्ये आपणही असू, असं समजून गौराबाई गुरुपादकडून तेवढी ओळ दोनदा वाचून घ्यायची. पहिल्या बाळंतपणाला उमा माहेरी आलीच नाही. तिच्यासाठी केलेले डिंकाचे लाडू मुंग्यांनी खाल्ले. त्यांची तरी तब्येत सुधारली असेल.

अशी बारा वर्षं गेली. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला उमा दोन दिवसांसाठी एकटीच आली, आणि तेव्हाच मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली. कुठं काय पेटेल याचा नेम नव्हता. गाड्या बंद झाल्या आणि उमा वालूरला अडकली. दोन दिवसांपुरतं जपून आणलेलं मौन तिला चौथ्या दिवशी पुरेना. गौराबाईच्या पाठोपाठ ती गहू निवडायला बसली.

त्या चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीत नळयोजनेची बैठक होती. चन्नबसप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. जुने जाणते म्हणून त्यांना पुढं बसवलं होतं. परभणीचा तरुण ओव्हरसियर समजावून सांगत होता की विहिरीवर दोन मोटारी बसतील, एक रोजची आणि एक स्टँडबाय.

म्हातारा दचकून उठला. “काय म्हनलास? भरल्या सभेत असलं बोलतूस?”

पोरगा गोंधळला. त्यानं नम्रपणे सांगितलं की आजोबा, स्टँडबाय म्हणजे राखीव. पहिली जळाली की हिला लावायची. तोवर ही तयारीत बसून. वाईट काही नाही, उलट चांगली मोटार असेल तरच ती स्टँडबाय ठेवतात.

“चांगली असंल तरच,” चन्नबसप्पा पुटपुटले. सभा हसली. ते हसले नाहीत.

घरी आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. दोघी सुपं घेऊन बसल्या होत्या. काठी न ठेवताच म्हातारा मधल्या खणात उभा राहिला, आणि एका दमात त्यानं सगळं सांगितलं... तार कुणी घेतली, आश्रुबानं काय वाचलं, आपण काय समजलो, जाळ कुणी म्हटलं, खोटं कुणाकडून बोलवून घेतलं. शेवटी म्हणाला, “त्या लेकरानं आज मला मोटारीवरनं शिकिवलं. बारा वर्सं मला कुनाला इचारायची लाज वाटली, उमे. दोन अक्षरांसाठी.”

गौराबाईच्या हातातलं सूप कलंडलं. म्हणजे यासाठी? तिला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल, घराण्याच्या अब्रूचं, जे सुनेला सांगता येत नसेल. ज्या कारणासाठी आपण राख झालो ते कारण इतकं लहान, इतकं हसण्यासारखं निघावं? बारा वर्षांत पहिल्यांदा तिला सासऱ्यांचा राग आला, आणि तोही भलत्याच गोष्टीचा.

“आता कशाला सांगितलं, मामा?” ती म्हणाली. “म्या येवढं जपलं व्हतं.”

उमा भिंतीकडं बघत होती. मग बापाला म्हणाली, “आप्पा, राखीव म्हंजे मला खेळवलं नसतं बी. नुसतं कडंला बसवलं असतं.”

चन्नबसप्पांच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा आली.

“मला नुसतं बसायला मिळालं असतं तरी चाललं असतं, आप्पा.”

ती उठून परसात गेली. गौराबाई मागोमाग गेली खरी, पण चार हातांवर थांबली. जवळ जायची सवय मोडली होती. उमानं वळून न बघता विचारलं, “तू खोटं का बोललीस?”

गौराबाईला त्या वाक्यातला पहिला शब्द तेवढा ऐकू आला.

“तुला माय न्हवती,” ती म्हणाली. “बाप तरी ऱ्हाऊ दे म्हनलं.”

“माय न्हवती कोन म्हनतंय?” उमा गर्रकन वळली. “व्हती की. पाच वर्साची व्हते तवापासनं व्हती. बारा वर्सं म्या तिला तुमी म्हनले...”

चार हातांचं ते अंतर कुणी आधी ओलांडलं हे दोघींनाही नंतर आठवलं नाही. गौराबाईनं तिचं डोकं छातीशी धरलं आणि पाहिलं, तर पोरीच्या केसांत चांदी आली होती. ती कधी आली, पहिला केस कोणता पांढरा झाला... आईला ठाऊक असायला हवं ते काहीच तिला ठाऊक नव्हतं. ती वर्षं आता कुठल्या वहीत शोधणार होती ती?

त्यानंतर तिसऱ्या दिवशी गाड्या सुरू झाल्या. उमा दोन दिवस बापाशी एक शब्द बोलली नव्हती. गौराबाईनं दोनदा समजावलं, तर म्हणाली की तू बोलू नकोस, त्यांच्या वतीनं तू लय बोललीस. निघताना ती चन्नबसप्पांच्या पाया पडली, वर पाहिलं नाही. मग गौराबाईला म्हणाली, “उन्हाळ्यात नांदेडला ये. महिनाभर. म्हायेरपनाला.”

म्हायेरपनाला! गौराबाईचं माहेर केव्हाच ओस पडलं होतं. ती सवयीनं म्हणाली, “अगं, मग मामांचं कोन बघंल?”

“मी बघतो माझं,” ओट्यावरून चन्नबसप्पा म्हणाले.

उमानं पहिल्यांदा त्यांच्याकडं मान वळवली. “तांदूळ कुठं असतेत ते तरी ठाऊक हाय का, आप्पा?”

“न्हाई,” म्हातारा म्हणाला. “उन्हाळ्याला तीन म्हैने हायेत. इचारून घेतो.”

उमा हसली नाही, पण तिची पिशवी खांद्यावरून घसरली आणि ती सावरायला तिला बराच वेळ लागला. मग ती गौराबाईचा हात धरून स्टँडकडं चालू लागली. ओट्यावरचा म्हातारा उठला, आणि कधी नव्हे तो स्वयंपाकघरात शिरून एकेका डब्याचं झाकण उघडून पाहू लागला.